नाकापेक्षा मोती जड नको : गाडीची डिस्क आणि टायर निवडताना

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, टायर, डिस्क, नट आणि हवा यांच्याशी आपला काय संबंध? पण जरा आजूबाजूला बघा. आता कितीतरी गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणी त्यातून डेअरीला दूध पोचवतं, कुणी बाजाराला भाजी नेतं, तर कुणी भर पावसात अडलेल्या बाईला दवाखान्यात नेतं. गाडीचं कर्ज गटाच्या नावावर असतं आणि हप्ता आपण फेडतो. टायर घ्यायची वेळ आली की मात्र दुकानदार म्हणतो, “ताई, घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा, त्यांना कळेल.”

आम्ही डोंगरपट्ट्यातल्या गटांच्या बायका मिळून एक जुनी बोलेरो चालवतो. वाडीपासून डांबरी सडकेपर्यंत मुरुमाची वाट आहे, मधे एक ओढा आहे आणि दगडांचा चढ आहे. चारही टायर झिजले तेव्हा आम्हाला एकाने सल्ला दिला, “कंपनीचं माप सोडा, मोठे रुंद टायर आणि चमकणारी अलॉय चाकं घाला. गाडी कुठंच अडणार नाही.” खर्चाचा आकडा ऐकल्यावर आम्ही हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सगळी मापं वहीत लिहून घेतली आणि बैठकीत मांडली. त्या वहीतून आम्हाला जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

टायरवरचं माप कसं वाचायचं?

टायरच्या बाजूला आकडे असतात. अक्षरं इंग्रजी असली, तरी मोबाईलवरचे आकडे ओळखता आले की हे माप वाचता येतं. टायर काळा आणि आकडेही काळेच, म्हणून त्यांच्यावर खडू घासा. अक्षरं वर उठून दिसतात.

बोलेरोच्या टायरवर लिहिलेलं असतं २१५/७५ आर १५. ब्लाउजच्या मापात छाती, उंची, बाही असते, तसंच हे समजा.

पहिला आकडा २१५. ही टायरची रुंदी आहे, मिलिमीटरमध्ये. म्हणजे साडेएकवीस सेंटिमीटर.

दुसरा आकडा ७५. ही टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची आहे, पण ती मिलिमीटरमध्ये नसते. रुंदीच्या शेकडा ७५ एवढी उंची, असा त्याचा अर्थ. २१५ चे शेकडा ७५ म्हणजे साधारण १६१ मिलिमीटर.

‘आर’ म्हणजे रेडियल, टायर बांधण्याची एक पद्धत.

शेवटचा आकडा १५. टायर ज्या डिस्कवर बसतो, तिचा हा व्यास, इंचात. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर.

आता पूर्ण चाकाची उंची काढू. रबराची भिंत वरही आहे आणि खालीही आहे, म्हणून १६१ ची दुप्पट केली. झाले सुमारे ३२२. त्यात डिस्कचे ३८१ मिळवले. चाक झालं सुमारे ७०३ मिलिमीटर उंच. एवढं गणित आपण बचतीच्या व्याजासाठी दर महिन्याला करतो.

मापाच्या पुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ १०० आणि ‘एस’. यातला आकडा भाराचा आहे. १०० म्हणजे त्या एका टायरने जास्तीत जास्त ८०० किलो भार पेलावा. १०४ म्हणजे ९०० किलो. अक्षर वेगाच्या मर्यादेचं असतं. आपल्याला भाराचा आकडा फार महत्त्वाचा, कारण आपली गाडी रिकामी कधी धावते? कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी भाराचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

मोठा टायर घातला तर काय होतं?

आम्हाला सुचवलेलं माप होतं २३५/७५ आर १५. तसंच गणित केलं. २३५ चे शेकडा ७५ म्हणजे १७६. त्याची दुप्पट ३५२ आणि डिस्कचे ३८१. चाक झालं सुमारे ७३३ मिलिमीटर. म्हणजे ३० मिलिमीटरने उंच.

गाडी मात्र ३० ने वर उचलत नाही. चाकाचा मध्य जमिनीपासून जेवढा वर जातो, तेवढीच गाडी वर जाते, आणि तो जातो निम्मा. म्हणजे फक्त १५ मिलिमीटर. बोटाचं एक पेरसुद्धा भरत नाही. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा लोंबतो आणि दगडाला आपटतो, तो एवढाच वर जाणार. ज्या दगडावर गाडी काल टेकत होती, त्याच दगडावर ती बहुतेक उद्याही टेकेल.

आता मीटरकडे बघा. गाडीचं मीटर चाकाचे फेरे मोजतं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण मीटरला ते कळत नाही. या मोठ्या टायरवर गाडी १००० किलोमीटर धावली, तर मीटर दाखवतं सुमारे ९५९. तुमचा गट किलोमीटरवर भाडं घेत असेल, तर दर हजारामागे ४१ किलोमीटरचं भाडं गेलं. टायरला पैसे जास्त दिले आणि वर कमाईही घटली. वेगाचंही तसंच. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ६३ ने पळत असते.

मोठं चाक फिरवायला इंजिनाला जोर जास्त लागतो. सपाटीवर ते जाणवत नाही, पण भरलेली गाडी घाट चढताना जाणवतं. क्लच लवकर झिजतो, ब्रेकवर ताण येतो, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासू शकतो.

कायद्याची बाजूही समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. अपघात झाला आणि विम्याचा प्रश्न आला, की असे बदल आड येऊ शकतात. दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत कंपनीने मान्य केलेली मापं असतात. आधी ती बघा. आपल्या मॉडेलला कंपनीनेच दोन मापं मान्य केली असतील, तर त्यातलं निवडायला हरकत नाही.

आपल्यात म्हणतात ना, नाकापेक्षा मोती जड. गाडी म्हणजे नाक, टायर म्हणजे मोती.

रुंद बरा की अरुंद?

बऱ्याच जणांना वाटतं, टायर जेवढा रुंद, तेवढी गाडी चिखलात चांगली चालते. भातलावणीला चिखलात उभी राहिलेली बाई हे पटकन तपासून बघू शकते. वरचा चिखल पातळ असतो आणि खाली घट्ट थर असतो. पाय त्या घट्ट थराला टेकला की आपण सावरतो. पसरट पाटावर उभं राहिलो तर वरच्या वर घसरू.

टायरचंही असंच आहे. आपल्या वाटांवर वर चार बोटं चिखल आणि खाली मुरूम किंवा दगड असतो. अरुंद टायर चिखल कापून खालच्या मुरुमाला लागतो आणि पकड घेतो. रुंद टायर वरच तरंगतो. दुसऱ्या महायुद्धात ज्या जीप गाड्या रानावनातून धावल्या, त्यांच्या टायरचं माप ६.००-१६ होतं. म्हणजे रुंदी जेमतेम सहा इंच आणि खाली सोळा इंची पत्र्याची डिस्क. आजच्या बोलेरोच्या टायरपेक्षाही तो टायर कितीतरी अरुंद होता.

वाळूत गोष्ट उलटी. नदीच्या पात्रात किंवा समुद्रकाठी खाली घट्ट थर सापडतच नाही. तिथे चाक पसरायला हवं. पण त्यासाठी रुंद टायर विकत घ्यायची गरज नाही, हवा कमी करून तेच साधतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

आणि मराठवाडा-विदर्भातल्या मैत्रिणींनो, तुमच्या काळ्या मातीचं दुखणं वेगळं. थापीवर थापी बसून चाकाचा लाडू होतो. मग टायर रुंद असो की अरुंद, नक्षी बुजली की तो गुळगुळीतच. तिथे मोकळ्या, खोल नक्षीचा टायर माती झटकतो, म्हणून थोडा बरा. तरी भर पावसात शेतवाट टाळणं आणि ऊन पडून माती सुकेपर्यंत थांबणं, याला पर्याय नाही.

नक्षी कोणती घ्यावी?

साधारण तीन प्रकार दुकानात दिसतात. टायरवर ते इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असतात.

एच/टी म्हणजे डांबरी सडकेचा टायर. नक्षी बारीक, चालायला शांत. चिखलात लवकर बुजतो.

एम/टी म्हणजे चिखलाचा टायर, ज्याला आपल्याकडे बटण टायर म्हणतात. ठोकळे मोठे, मधली जागा मोकळी. चिखलात छान, पण डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो, आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

ए/टी म्हणजे दोन्हीकडे चालणारा.

निवडताना एक महिना वहीत लिहा, गाडी रोज किती किलोमीटर डांबरावर आणि किती कच्च्यावर चालते. आमच्या वहीत डांबर निम्म्याहून जास्त निघालं. म्हणून आम्ही कंपनीच्याच मापात ए/टी घेतले. तुमची गाडी फक्त डांबरावर डेअरीला जात असेल, तर एच/टी पुरे.

पत्र्याची डिस्क की अलॉय?

आता डिस्ककडे येऊ. पत्र्याची डिस्क जाड पोलादी पत्रा दाबून आणि जोडून करतात. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियममध्ये दुसरे धातू मिसळून ओतलेलं चाक.

स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. पत्र्याची परात हातातून पडली तर पोचा येतो. बिडाचा तवा पडला तर तडकतो. पोचा ठोकून काढता येतो, तडकलेला तवा कुणी सांधत नाही. दगडावर जोरात आपटलं तर पत्र्याची डिस्क बहुधा वाकते आणि अलॉय तडकू शकतं. वाकलेली कड तालुक्याच्या गावचा कारागीर सरळ करून देतो. तडकलेल्या अलॉयला नवीन चाकच लागतं, आणि ते आठवडी बाजाराच्या गावात मिळत नाही. शिवाय पत्र्याची डिस्क बरीच स्वस्त पडते.

अलॉयचे गुणही सांगायला हवेत. ते बहुधा वजनाला हलकं असतं, गंजत नाही, ब्रेकची उष्णता लवकर बाहेर टाकतं. डांबरी सडकेवर लांब पल्ल्याला ते चांगलं. पण आपल्या वाटेला काय उपयोगी, हा आपला प्रश्न आहे.

डिस्कच्या मापातही एक गोम आहे. २०२० साली नवीन थार आली, तेव्हा कंपनीने एका प्रकाराला १६ इंची पत्र्याची डिस्क आणि २४५/७५ टायर दिला, तर दुसऱ्या प्रकाराला १८ इंची अलॉय आणि २५५/६५ टायर दिला. आता आपल्याला गणित येतं. पहिल्या टायरच्या भिंतीची उंची निघते सुमारे १८४ मिलिमीटर, दुसऱ्याची १६६. म्हणजे डिस्क लहान, तर रबर जास्त. दगडाचा धक्का आधी रबर खातं, मग डिस्क. खडबडीत वाटेला रबराची ही उशी जाड असलेली बरी. म्हणून मोठी डिस्क घालून पातळ टायर चढवणं हे आपल्या कामाचं नाही.

पत्र्याच्या डिस्कचं दुखणं म्हणजे गंज. कोकणातल्या खाऱ्या हवेत तो जास्त. टायर जिथे डिस्कला चिकटून बसतो, त्या कडेला गंज चढला की ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू जाते आणि पंक्चर काही सापडत नाही. टायर बदलताना ती कड तारेच्या ब्रशने घासून रंग लावून घ्या. आणि जुन्या ट्यूबवाल्या डिस्कवर ट्यूबलेस टायर बसवण्याआधी ती डिस्क ट्यूबलेससाठीच आहे ना, हे विचारा.

पत्रा दुरुस्त होतो, म्हणून वाटेल तसा दुरुस्त करायचा नाही. कड वाकली तर ठोकून घ्या. पण नटाची भोकं लांबट झाली असतील, किंवा भोकांजवळ बारीक चीर दिसत असेल, तर डिस्क भंगारात द्या. आणि टायर चढवलेला असताना डिस्कला वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीही लावू देऊ नका. आतली हवा तापून टायर फुटतो आणि जवळच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. आधी हवा सोडायची आणि टायर काढायचा. कारागीर घाईत असला तरी हे त्याला ठामपणे सांगा.

जुनी डिस्क घेताना

जुन्या बाजारात डिस्क स्वस्त मिळतात. घेताना चार गोष्टी बघा.

पहिली, भोकं. बोलेरोच्या डिस्कला पाच भोकं असतात आणि ती १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. हे मोजायची सोपी रीत आहे. शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला १.७ ने गुणा. अंतर ८२ मिलिमीटरच्या आसपास आलं, तर गणित जुळतं. जवळपास बसते म्हणून ठोकून बसवलेली डिस्क नट सैल करते.

दुसरी, मधलं मोठं भोक. ते चाकाच्या हबवर नीट बसलं पाहिजे.

तिसरी, डिस्कची रुंदी. २१५ च्या टायरला साडेपाच ते सात इंच रुंद डिस्क चालते. त्याहून अरुंद किंवा रुंद डिस्कवर टायर वेडावाकडा बसतो.

चौथी, चाक किती बाहेर येतं. काही डिस्क चाकाला मडगार्डच्या बाहेर काढतात. दिसायला गाडी रुबाबदार दिसते, पण बेअरिंगवर भार वाढतो, स्टेअरिंग जड होतं आणि सगळा चिखल दारावर उडतो.

नटांचंही बघा. अलॉयचे नट आणि पत्र्याच्या डिस्कचे नट बऱ्याचदा वेगळे असतात. चार चाकं अलॉयची आणि स्टेपनी पत्र्याची असेल, तर स्टेपनीचे नट गाडीतच ठेवा. रात्री ओढ्याकाठी ते शोधत बसू नका. स्टेपनीचं मापही इतर चार टायरांचंच हवं. गाडी फोर बाय फोर असेल, म्हणजे चारही चाकांना जोर जात असेल, तर हे आणखी महत्त्वाचं. एक चाक लहान, एक मोठं झालं तर आतले दातेरी भाग एकमेकांशी झगडतात आणि खर्च फार मोठा येतो.

हवा फुकट, पण कामाची

चांगला टायर घेऊन हवेकडे दुर्लक्ष केलं तर पैसे पाण्यात. पुढची आणि मागची हवा किती पौंड, रिकाम्या गाडीला किती आणि भरलेल्या गाडीला किती, हे पुस्तिकेत असतं. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

वाळूत गाडी रुतली, तर हवा १८ ते २० पौंडांपर्यंत खाली आणता येते. टायर पसरतो, जमिनीला जास्त लागतो आणि गाडी निघते. पण तीन नियम पाळा. गाडीत भार असेल तर आधी उतरवा. कमी हवेवर अगदी हळू चालवा आणि झटक्याने वळवू नका, नाहीतर टायर डिस्कवरून निसटतो. आणि घट्ट रस्ता लागला की लगेच पायपंपाने हवा भरा.

दुकानात जाताना

जाताना दोघी जणी जा, वही घेऊन. कंपनीचं माप आणि भाराचा आकडा आधीच लिहिलेला असू द्या. टायरवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, ते बघा. २२२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका. जुना टायर घेणार असाल तर नक्षीच्या खोबणीतले बारीक उंचवटे बघा. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. चारचाकीला त्याहून कमी नक्षी नियमात बसत नाही, आणि पावसाळ्यासाठी तर एवढीही थोडीच.

पक्की पावती गटाच्या नावाने घ्या. त्यावर माप आणि ते चार आकडे लिहून घ्या. चाक बसवताना नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळतात का ते उभं राहून बघा, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा आवळून घ्या.

आमचा हिशेब असा झाला. अलॉय आणि मोठ्या टायरचा विचार सोडला. कंपनीच्याच मापाचे चार ए/टी टायर घेतले, दोन डिस्कच्या कडा ठोकून घेतल्या, गंज घासून रंग दिला, स्टेपनी त्याच मापाची केली, पायपंप आणि हवा मोजायचं यंत्र घेतलं. तरी सुचवलेल्या खर्चातले पैसे उरले. ते गाडीच्या विम्यासाठी बाजूला ठेवले.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला एक खडू आणा. गटाची गाडी नसेल तर गावातली कुठलीही जीप चालेल. टायरवर खडू घासा, माप मोठ्याने वाचा आणि चाकाची उंची प्रत्येकीने आपापली काढा. नव्या मुलींना आधी काढू द्या. काही अडलं तर आम्हाला पत्र लिहा किंवा केंद्रावर येऊन विचारा.